ट्यूबलेस टायर: घ्यावा का, आणि घेतला तर सांभाळावा कसा?

ट्यूबलेस टायरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: माझ्या शंभर सीसीच्या मोटारसायकलला आऱ्यांची चाकं आहेत. ट्यूबची पंक्चरं काढून कंटाळलो. एक दुकानदार म्हणतो, रिमला आतून सिलिकॉन लावून ट्यूबलेस करून देतो. करावं का? (वाचक, कराड)

करू नका. आऱ्यांच्या चाकात प्रत्येक आरीचं निपल रिमच्या भोकातून आत आलेलं असतं. एका चाकाला छत्तीस आऱ्या धरल्या, तर हवा निसटायला छत्तीस वाटा झाल्या. सिलिकॉननं त्या बुजतात, पण आऱ्या स्थिर राहत नाहीत. खड्ड्यात चाक आदळलं की त्या ताणतात, सैल होतात, निपल किंचित हलतं आणि वरचा थर सुटतो. पुढे कधी आऱ्या आवळून रिमचा आउट, म्हणजे डगमग, काढायची वेळ आली, की सगळं सील पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. टायरची आतली कड, म्हणजे बीड, रिमवर जिथे बसते त्याच्या लगत ट्यूबलेसच्या रिमला गोल फिरलेला एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी बीड या उंचवट्यामुळे रिमच्या मधल्या खोलगट भागात घसरत नाही. ट्यूबच्या रिमला हा उंचवटा बहुधा नसतो. मग हवा उतरलेली असताना बीड घसरते आणि उरलेली सगळी हवा एका झटक्यात जाते. हे घडतं ते वळणावर, कारण आडवा जोर तिथेच येतो.

तुमच्याच मॉडेलला कंपनीची अलॉय चाकं मिळत असतील, तर दोन्ही चाकं बदलून घेणं हा खरा मार्ग. घेताना एक्सलची जाडी, ब्रेक ड्रमचा आहे की डिस्कचा, आणि टायरचा साइज जुळतो का ते पाहा. तेवढा खर्च नको असेल तर ट्यूबवरच राहा, पण नीट राहा. नवा टायर टाकताना ट्यूबही नवीच टाका आणि निपलांवरची रबरी रिमपट्टी बदला. वारंवार होणाऱ्या पंक्चरांपैकी बरीच पंक्चरं रस्त्यावरच्या खिळ्यानं होतच नाहीत. पट्टी कुजलेली असते आणि आरीचं गंजलेलं टोक ट्यूबला आतून टोचत असतं. पुढच्या वेळी ट्यूब बाहेर काढल्यावर भोक कुठल्या बाजूला आहे ते बघा. रिमकडच्या बाजूला असेल, तर दोष पट्टीचा.

प्रश्न: शेतात रोज जाणं-येणं आहे, वाटेवर वेड्या बाभळीचे काटे. ट्यूबलेसचं पंक्चर घरच्या घरी काढता येतं का? नेमकं कसं? (वाचक, बार्शी)

येतं, आणि तुमच्यासारख्यांनी शिकून घ्यावंच. किटमध्ये एक खरखरीत दांडा असतो (दुकानात त्याला रीमर म्हणतात), फटीचं टोक असलेली एक सुई असते, चिकट रबरी पट्ट्या असतात आणि सोल्युशनची ट्यूब असते. याच्या जोडीला पक्कड, ब्लेड, साबणाचं पाणी आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा कंप्रेसर ठेवा.

आधी गळती शोधा. टायरमध्ये पूर्ण हवा भरा, साबणाचं पाणी नक्षीवर ओता आणि चाक हळूहळू फिरवा. काट्याच्या भोकातून फेस अगदी मंद येतो, त्यामुळे एकेका जागी दहा-पंधरा सेकंद थांबा. बाभळीचा काटा बहुतेक वेळा वरून मोडलेला असतो आणि आत राहिलेला तुकडा रबरात दिसतच नाही. तो तसाच ठेवून पट्टी बसवली, तर पुन्हा गळणारच. फेस दिसला त्या जागी खडूनं खूण करा आणि काटा किंवा खिळा कोणत्या कोनात घुसला आहे ते लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच कोनात करायचं आहे.

सुई आधी भरून ठेवा. पट्टी सुईच्या फटीत घालून दोन्ही टोकं सारखी करा आणि तिला सोल्युशन लावा. मगच खिळा ओढा, कारण तो निघाला की हवा जायला लागते. रीमरला सोल्युशन लावून तो भोकात उजवीकडे फिरवत दाबा आणि आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. यानं भोकाच्या कडा खरखरीत होतात आणि सोल्युशन आतपर्यंत पोचतं. घाईत नेमकी हीच पायरी अर्धवट राहते आणि चार दिवसांत पट्टीच्या बाजूनं बुडबुडे दिसू लागतात. आता सुई दाबा. पट्टीची दोन्ही टोकं दोन-दोन सेंटिमीटर बाहेर राहिली की थांबा. सुई न पिळता, एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. सुई फटीतून मोकळी होते आणि पट्टी दुमडलेल्या अवस्थेत आत अडकून राहते. बाहेरची टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. कापताना पट्टी ओढू नका, ओढली की ती बारीक होते. हवा भरा आणि पुन्हा साबणाचं पाणी टाकून तपासा.

हे फक्त नक्षीच्या भागात आणि साधारण सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, भोक पडलं असेल तर पट्टी नको. ती भिंत प्रत्येक फेरीत वाकते-सरळ होते, पट्टी तिथे धरून राहत नाही. मोठ्या भोकात दोन-तीन पट्ट्या कोंबून देणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा.

मोटारीच्या रेडियल टायरबाबत एक गोष्ट वेगळी. नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. रीमरनं त्या तारा उघड्या पडल्या आणि पट्टीच्या कडेनं पाणी शिरलं की त्या आतून गंजतात. म्हणून मोटारीला पट्टी लावली तरी ती तात्पुरती समजा. सवड मिळताच टायर उतरवून आतून मशरूम पॅच बसवून घ्या. त्याचा दांडा भोक भरतो आणि छत्री आतला थर बंद करते. टायर उतरवल्याचा दुसरा फायदा म्हणजे आतून पाहता येतं. आत काळी रबरी भुकटी किंवा भिंतीवर गोल फिरलेला घासल्याचा पट्टा दिसला, तर तो टायर कमी हवेत चालवला गेला आहे आणि त्याचे दोरे मोडले आहेत. त्याचं पंक्चर काढण्यात अर्थ नाही, टायर बदलावा लागेल.

खिळा रस्त्यात दिसला आणि हवा अजून शिल्लक असेल, तर तो तिथेच उपटू नका. ट्यूबलेसच्या आतल्या बाजूला ब्यूटिल जातीच्या रबराचा थर असतो. तो खिळ्याला घट्ट धरून बसतो आणि हवा हळूहळू जाते. ट्यूब मात्र टोचताक्षणी फाटत जाते. याच गुणामुळे तुम्ही घरापर्यंत किंवा दुकानापर्यंत पोचता. पण याच गुणामुळे खिळा घेऊन आठ-आठ दिवस फिरणारेही आहेत, आणि वर सांगितलेली काळी भुकटी नेमकी त्यांच्याच टायरमध्ये सापडते. आठवड्यातून एकदा गेज लावा. चांगला गेज स्वतःचा असावा, हवेच्या दुकानातले गेज दोन-चार पौंड पुढे-मागे दाखवतात.

प्रश्न: स्कूटर तीन महिने उभी होती. मागचा ट्यूबलेस पूर्ण बसला आहे. पायपंपानं कितीही मारलं तरी हवा राहत नाही. पंक्चर तर नाही. (वाचक, लातूर)

गाडीच्या वजनानं बीड रिमपासून सुटली आहे. तुम्ही भरता त्याहून जास्त हवा त्या फटीतून बाहेर जाते, त्यामुळे पायपंप कमी पडतो. इथे एकदम जोरात येणारी हवा लागते.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चाक मोकळं फिरलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी बीडच्या कडेला साबणाचं दाट पाणी लावा. व्हॉल्व्हमधली पिन पान्यानं काढून घ्या, म्हणजे हवेला मोठी वाट मिळते. मग सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा नक्षीच्या बरोबर मध्यावर, टायरभोवती गुंडाळून आवळा. पट्टा नसेल तर जाड दोरी बांधून तिच्यात काठी घाला आणि पीळ द्या. नक्षी आत दबली की बाजूच्या भिंती बाहेर सरकतात आणि बीड रिमला टेकते. आता कंप्रेसरची नळी लावा. टायर धरू लागला की पट्टा लगेच सैल करा. पुढे एकापाठोपाठ ‘टक्-टक्’ असे दोन आवाज येतील, बीड दोन्ही बाजूंनी जागेवर बसल्याची ती खूण. नळी काढून पिन बसवा आणि ठरलेली हवा भरा. चाळीस पौंडांपर्यंत बीड बसली नाही तर हवा सोडून द्या आणि दुकान गाठा. त्यापुढे दाब वाढवत नेल्यास बीडची तार तुटू शकते आणि तोंडासमोर टायर फुटतो. पेट्रोल किंवा स्प्रे टाकून काडी लावायचा प्रकार व्हिडिओंत दिसतो. तो कुणीही करू नये.

गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर मधल्या स्टँडवरच ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा हवा पाहा.

प्रश्न: मोटारीच्या एका टायरमधून आठवड्याला चार-पाच पौंड हवा जाते. दोन दुकानांत पंक्चर नाही म्हणून सांगितलं. (वाचक, रत्नागिरी)

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा जातेच. आठवड्याला चार-पाच म्हणजे गळती नक्की आहे, फक्त ती नक्षीत नाही. दुकानात बहुधा नक्षीवरच पाणी मारून पाहिलं असणार. चाक उतरवून पूर्ण हवेनिशी पाण्याच्या टाकीत आडवं बुडवायला सांगा आणि तीन जागा पाहा.

पहिली जागा व्हॉल्व्ह. रबरी व्हॉल्व्ह बोटानं एका बाजूला वाकवा. बुडाशी भेगा दिसल्या किंवा वाकवताना बुडबुडे आले, तर बदला. ही स्वस्तातली वस्तू आहे. आमच्या मते प्रत्येक नव्या टायरबरोबर व्हॉल्व्ह नवा घ्यावा, तरीही दुकानात जुनाच ठेवतात, तेव्हा तुम्हीच मागा. तोंडातून बुडबुडे आले तर फक्त पिन बदलून भागतं. व्हॉल्व्हचं टोपण हरवू देऊ नका, त्याशिवाय चिखल पिनेपर्यंत जातो.

दुसरी जागा बीड आणि रिम यांचा सांधा. समुद्रकाठच्या गावांत आम्हाला सर्वांत जास्त संशय याच जागेचा येतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी अलॉयवरचा रंग फुगतो, त्याखाली पांढरी पूड धरते आणि बीड सपाट टेकत नाही. उपाय असा: टायर उतरवून रिमची ती गोल पट्टी तारेच्या ब्रशनं किंवा बारीक पॉलिश कागदानं गुळगुळीत करायची, पुसून कोरडी करायची, बीड सीलर लावायचा आणि टायर पुन्हा चढवायचा. पोलादी रिमवर गंज असेल तर घासून प्रायमर आणि रंग द्या. रंग पूर्ण वाळल्याशिवाय टायर चढवू देऊ नका.

तिसरी जागा म्हणजे रिमचीच आतली बाजू. खड्ड्याचा मार तिथे बसतो आणि ती बाहेरून दिसत नाही. पोलादी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला केसाएवढी चीर गेली असेल तर रिम बदला. वेल्डिंग करून मिळतं, पण पुढच्या चाकावर तशी रिम आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न: समृद्धी महामार्गानं नागपूरहून नाशिकला जायचं आहे, उन्हाळ्यात. निघताना हवा कमी ठेवावी का? आणि ट्यूबलेस फुटत नाही हे खरं का? (वाचक, अमरावती आणि वर्धा)

हवा कमी ठेवायची नाही. हा समज इतका पसरला आहे की स्पष्टच सांगतो: गरम होऊन हवा वाढेल म्हणून आधीच कमी भरणं हे टायर फुटण्याचं कारण आहे, त्यावरचा उपाय नाही. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते. लहान मोटारीचं चाक ताशी १२० किलोमीटर वेगात सेकंदाला साधारण सतरा वेळा फिरतं. म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा दबून सरळ होतो, आणि त्यातली काही ऊर्जा उष्णतेत जाते. रबर आणि दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. शहरात सिग्नलला टायर थंड व्हायला वेळ मिळतो. ७०१ किलोमीटरच्या या सरळ काँक्रीट रस्त्यावर तो मिळत नाही.

हवा पहाटे, गाडी थंड असताना भरा. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात असतं. बऱ्याच गाड्यांत पूर्ण भारासाठी वेगळा आकडा असतो. पाच माणसं आणि सामान असेल तर तोच धरा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. तापमानात पाच-सहा अंशांचा फरक पडला की दाब सुमारे एक पौंडानं बदलतो. त्यामुळे दुपारी गेज चार-पाच पौंड जास्त दाखवेल. हे धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो, तेव्हा गरम टायरमधून हवा सोडू नका. नायट्रोजनचा आग्रह धरायची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळाला तर घ्या.

आता फुटण्याविषयी. नक्षीत खिळा घुसला तर ट्यूबलेस फुटत नाही, हळू उतरतो, आणि तेवढ्यात गाडी बाजूला घेता येते. ट्यूबच्या टायरवर हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. पण भिंतीचे दोरे तुटलेले असतील तर ट्यूबलेसही फुटतो. निघण्याआधी चारही चाकं दोन्ही बाजूंनी पाहा, आतली बाजू हात फिरवून. फुगा आलेला असेल, मग तो लिंबाएवढा का असेना, तर तिथले दोरे तुटलेत. तो टायर महामार्गावर नेऊ नका. नक्षीची खोली मोटारीला कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागते (दुचाकीला ०.८). नक्षीच्या खाचांत त्या उंचीचे छोटे ठोकळे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. भिंतीवर चार आकड्यांची तारीखही सापडेल: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही चांगली दिसली तरी, आम्ही या रस्त्यासाठी धरणार नाही. आणि स्टेपनीची तारीख पाहायला विसरू नका, बहुधा तीच सर्वांत जुनी निघते.

प्रश्न: टायरमध्ये टाकायचा सीलंट द्रव कसा? (वाचक, पुणे)

रोजच्या दुचाकीला, विशेषतः काटेरी वाटेवर, उपयोगी आहे. नक्षीतली काट्या-खिळ्याएवढी भोकं तो चालता चालता बुजवतो. तोटेही आहेत. तो वर्ष-दोन वर्षांत वाळतो आणि तळाशी गोळा झाला तर चाक थरथरतं. व्हॉल्व्हची पिन चिकटवतो. त्यानंतर पट्टीनं पंक्चर काढायचं झालं तर ओल्या भोकात सोल्युशन धरत नाही. मोटारीत टीपीएमएसचा, म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब सांगणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर चाकाच्या आत असेल तर त्याचं बारीक छिद्र बुजू शकतं. घातलाच, तर बाटलीवर आपल्या टायरसाठी दिलेलं माप पाळा आणि पंक्चरवाल्याला आधी सांगा, म्हणजे टायर उतरवताना त्याच्या अंगावर उडणार नाही.

प्रश्न: नव्या गाडीत स्टेपनीच नाही, फक्त किट दिलं आहे. हे नियमात बसतं का? (वाचक, ठाणे)

बसतं. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी बंधनकारक नाही. किटमध्ये द्रवाची बाटली आणि कंप्रेसर असतो. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती पाहून ठेवा. द्रव भरल्यावर बहुतेक किटांसाठी ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून जवळचं दुकान गाठायचं असतं. भिंत फाटली किंवा रिम वाकली, तर किटचा काही उपयोग नाही. शहरात चालेल. कोकणात किंवा विदर्भात आडवाटेनं जाणाऱ्यांनी डिकीत जागा असेल तर त्याच साइजची पोलादी स्टेपनी, जॅक आणि पाना घ्यावा असं आमचं मत आहे.

प्रश्न: ट्यूबलेस वारंवार गळतो म्हणून आत ट्यूब टाकून दिली. चालेल? (वाचक, सांगली)

दुकानापासून घरापर्यंत चालेल. ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये हवा अडकते, घर्षणानं उष्णता वाढते, आणि पंक्चर झालं की हवा ट्यूबच्याच वेगानं जाते. ट्यूबलेसचा फायदा गेला आणि ट्यूबचा त्रास आला. शिवाय तुमचं मूळ दुखणं रिममध्ये किंवा बीडमध्ये असेल तर ते तसंच राहिलं. वर रत्नागिरीच्या वाचकांना सांगितलेल्या तीन जागा आधी तपासा.

प्रश्न: जुनी चेतक आहे, साडेतीन-दहाचे टायर. ट्यूबलेस बसेल का? (वाचक, सातारा)

मूळ रिमवर नाही. तिची रिम दोन अर्ध्या भागांची, नट-बोल्टनं जोडलेली असते. त्या सांध्यातून हवा जाते. या साइजची अखंड अलॉय रिम मिळाली तर टायर ट्यूबलेसचा घालता येईल, मात्र ब्रेक ड्रमचे स्टड जुळले पाहिजेत. मूळ चाकाचं पंक्चर काढताना एक काळजी घ्या: आधी ट्यूबमधली सगळी हवा सोडा, मगच दोन भाग जोडणाऱ्या नटांना पाना लावा. हवा भरलेली असताना ते नट सैल केले तर रिमचे दोन तुकडे जोरात उडतात. चाक उतरवायचे नट वेगळे आणि रिम जोडणारे वेगळे, त्यांत गल्लत करू नका.